याच्या विरुद्ध कोण बोलणार?

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय; वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे; ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे ते आमचे सर, आणि त्यांना इतकी वर्षं आमच्या हवाली करून घरी ताट झाकून वाट पाहणाऱ्या वहिनी; या आठवड्यापासून वॉर्डाची सूत्रं हाती घेतलेल्या आमच्या डॉक्टरबाई; परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डातले सगळे मामा-मावश्या आणि विद्यार्थी मित्रहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मी मधेच अडखळले तर बाईंचं भाषण पाठ झालेलं नाही असा कुणाचा समज व्हायला नको. माझी मुलगी, आमची ठमी, याच इमारतीत वर, सरांच्या वॉर्डात आहे. सर निवृत्त झाले, आता सरांचा म्हणायचं नाही, पण जीभ वळत नाही. ताप आहे, श्वास लागतो आहे. आज तिच्यासाठी एक निर्णय व्हायचा आहे, आणि तो तपासणीच्या निकालावर अडला आहे. तिचे बाबा तिच्यापाशी आहेत. मी येणारच नव्हते. तीच म्हणाली, "आई, तू जा गं. सरांना सांग, मला यायचं होतं. आणि रडू नकोस, तुझं काजळ पसरतं."

तर मी आले. काजळ घातलेलं नाही.

सरांचं मोठेपण काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्यांच्या पदव्या सांगणार नाही. त्या मागच्या फलकावर आहेत. आपल्या अंगातली रोगाशी लढणारी शक्ती म्हणजे आपली मैत्रीण, असं आपण सगळे धरून चालतो ना? दुकानात ती वाढवणाऱ्या बाटल्यासुद्धा मिळतात. सर पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना विचारायचे, "मैत्रीण आहे खरी, पण तिचा राग पाहिलाय का?" आणि मग सांगायचे, की कितीतरी संसर्गांत माणूस जंतूमुळे जेवढा खचतो, त्याहून अधिक आपल्याच रक्षकांच्या मारामुळे खचतो. साप निघून गेला तरी भुई धोपटणं चालूच राहतं, आणि ती भुई म्हणजे आपलं फुप्फुस असतं. काही आजारांत तर साप आलेलाच नसतो. तिथे कुंपणच शेत खातं. सांधे, कातडी, मूत्रपिंडं, जे आपलं तेच परकं ठरतं.

माझ्या ठमीला यातल्या दुसऱ्या प्रकारचा आजार आहे. ल्यूपस म्हणतात त्याला. निदान झालं त्या दिवशी मी रडत होते आणि ती मला म्हणाली, "आई, माझं शरीर अगदी तुझ्यावर गेलंय. बाहेरच्यांशी गोड, आणि ओरडायचं ते घरातल्यांवर." हसा, हसा. मीही हसले होते.

काही वर्षांपूर्वी ती अशीच तापाने फणफणून सरांच्या वॉर्डात आली. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी. लघवीतून रक्त जायला लागलेलं. आता इथे डॉक्टर नसलेली मंडळीही बसली आहेत, म्हणून पेच सांगते. हा जंतूचा हल्ला असेल, तर रक्षकांना दाबणारं औषध देणं म्हणजे तिला मरणाच्या दारात ढकलणं. आणि हा रक्षकांचाच हल्ला असेल, तर ते औषध न देणं म्हणजेही तेच. दोन्ही दिसायला सारखे. ताप तोच, धाप तीच.

सरांच्या वॉर्डात एक रिवाज आहे. रक्षकांना दाबणारा मोठा डोस सुरू करण्यापूर्वी सर सगळ्यांना उभं करतात आणि विचारतात, "याच्या विरुद्ध कोण बोलणार?" कुणीतरी बोलल्याशिवाय औषध भरायचं नाही. होकार देणारे शंभर मिळतात, ते म्हणायचे, मला एक नकार द्या. पोरं त्यांना पाठीमागे 'नन्ना सर' म्हणतात. सर, तुम्हाला ठाऊक नव्हतं? वहिनी हसताहेत, म्हणजे घरीही ठाऊक आहे.

त्या दिवशी दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर बाकावर होते. आत सरांनी प्रश्न टाकला. मग एक बारीक आवाज आला. नुकतीच रुजू झालेली एक मुलगी, कानामागे पेन खोचलेलं.

"मी बोलते, सर. फुप्फुसातून घेतलेल्या नमुन्यात अजून एकही जंतू उगवलेला नाही, म्हणजे आत काही नाहीच असं नाही. पहारेकऱ्यांना झोपवलं आणि चोर घरातच निघाला तर?"

"आणि नाही झोपवलं तर?"

"तर... तिची मूत्रपिंडं जातील. पण सर, मूत्रपिंडं गेली तरी माणूस जगतं. चोर सुटला तर नाही."

"फुप्फुसं गेली तर?"

तिने कानामागचं पेन काढून हातात घेतलं. सर म्हणाले, "तुमचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. जंतूंवरची औषधं चालू ठेवू आणि डोस देऊ. चोर निघाला, तर पहिल्यांदा तुम्ही मला सांगायचं."

डोस दिला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी धावत आली. नमुना पसरलेल्या प्लेटवर जंतूंची वाढ दिसत होती.

मी जंतुशास्त्राची प्रयोगशाळा चालवते. त्या प्लेटा माझ्या देखरेखीखाली वाढतात. मी बाकावरून उठले आणि निघाले. सर आडवे आले.

"बाई, कुठे?"

"माझ्या खोलीत. प्लेट बघायला."

"प्लेट तुमची, मुलगी तुमची. मग निकाल कुणाचा?"

"सर, माझ्याइतकं तिथे कुणाला कळत नाही!"

"मान्य. पण आज तुम्ही आई आहात. आईला हवं तेच दिसतं. तसंच दिसावं. बसा इथे."

मला इतका संताप आला होता! पण मला माहीत होतं, काय दिसणार ते. नमुना आम्ही तारेने प्लेटवर रेघा ओढून पसरतो. रोग्याच्या अंगातलं जे असेल ते रेघांवर उगवतं. रेघेबाहेर उगवलं, तर ते बहुधा हवेतून पडलेलं. मी गेले असते, तर मला ते रेघेबाहेरच दिसलं असतं. रेघेवर असतं, तरीही. म्हणून मी बसले.

माझ्या सहकारी ताई बघून आल्या. त्यांचा चेहरा मी वाचू पाहत होते आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या सरांना म्हणाल्या, "रेघेबाहेर आहे. पण एक ठिपका रेघेला लागून आहे. तो कुणाचा, ते मी आज छातीठोक सांगू शकत नाही."

पुढचा डोस द्यायची वेळ झाली होती. आत ठमीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. सरांनी पुन्हा सगळ्यांना उभं केलं, पुन्हा तोच प्रश्न विचारला. आणि कालच्याच मुलीने पुन्हा विरुद्ध बाजू मांडली. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. आणि डोस दिला.

ते दिवस कसे गेले, ते मी सांगत नाही. ज्यांनी कुणासाठी बाहेर वाट पाहिली आहे त्यांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या नमुन्यात काही उगवलं नाही. ठमीने एका सकाळी चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणून नावं ठेवली, तेव्हा मी भिंतीला टेकले. सर त्या मुलीपाशी गेले. मला वाटलं, 'बघा, मी म्हणालो नव्हतो?' असं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "तुम्ही चुकीच्या नव्हता. या खेपेला मी बरोबर ठरलो, एवढंच."

ती मुलगी म्हणजे व्यासपीठावर बसलेल्या आपल्या नव्या डॉक्टरबाई.

आता जे सांगणार आहे त्याने सरांना संकोच होईल. काल मी त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, एकदा वर येऊन ठमीला बघा ना. त्या बाई हुशार आहेत, पण तुम्ही ते तुम्ही." सर म्हणाले, "येईन. भेटायला येईन, बघायला नाही." मी तावातावाने म्हणाले, "हा काय हट्ट?" तर म्हणाले, "बाई, मी खाटेपाशी उभा राहिलो, की डॉक्टरबाईंच्या विरुद्ध बोलायला कुणी उरणार नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघतील." मी रागावून निघून आले. सर, आज सकाळपर्यंत मी रागावलेली होते...

क्षमा करा. दारात वॉर्डाच्या सिस्टर आल्या आहेत. या ना, पुढे या. तो निकाल डॉक्टरबाईंच्या हातात द्या. नाही, मला दाखवू नका.

अध्यक्ष महोदय, डॉक्टरबाईंना उठायची परवानगी असावी.

डॉक्टरबाई, तुम्ही सरांकडे बघू नका. सर, तुमचे हात खुर्चीवर किती घट्ट आवळले आहेत, ते मला इथून दिसतंय. वहिनींनी त्यावर हात ठेवलाय.

डॉक्टरबाई गेल्या. त्यांच्यामागून त्यांच्या वॉर्डातले एक तरुण डॉक्टर धावले, बहुतेक आज विरुद्ध बोलायची पाळी त्यांची असावी. त्यांनी जोरात बोलावं, एवढीच माझी प्रार्थना आहे.

आणि सर उठले नाहीत. मंडळी, त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत याहून अवघड काम त्यांनी केलं नसेल. टाळ्या वाजवायच्या असतील, तर त्या यासाठी वाजवा.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. सरांच्या गुणांची उजळणी राहून गेली, शब्द इकडचे तिकडे झाले, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल. सगळं आईच्या पदरात टाकून माफ करावं. सर, राग गेला. तुम्ही बसा, तुमचा सत्कार व्हायचा आहे.

मी वर जाते. बाहेर बसायला.