शेजारच्या सीटवरून हत्ती

नाही, पण मी म्हणतो, माणसाने पाय ठेवायचे तरी कुठे? सांगा ना! गाडीत बसलं की पाय खालीच जाणार ना? आणि आमची ही म्हणते, "अहो, पाय वर घ्या." वर? वर कुठे, छताला टांगू? थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, या माणसाचं डोकं फिरलंय.

मी गाडी शिकवतो. माझं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. आता गाडी शिकवणारा म्हणजे शेजारच्या सीटवर बसणारा, आणि त्या सीटच्या पुढे, पायाशी, आणखी एक ब्रेक असतो. तो मास्तरांचा. शिकणारा बिचारा स्टिअरिंग असं आवळून बसतो, जसं काही कोणी ते हिसकावून पळणार आहे, कपाळावर घाम, तोंडाला कोरड... आणि मी शेजारून आपला खड्या आवाजात, "घाबरू नका, ब्रेक माझ्या पायाखाली आहे!" वीस वर्षं हेच वाक्य! झोपेतसुद्धा हेच! तुम्हाला सांगतो, मुलीच्या लग्नात जावई जरा बावरलेला दिसला, तर त्याच्या पाठीवर थाप मारून मी हेच म्हणालो. तो अजून माझ्याकडे तिरक्या नजरेने बघतो.

आणि आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरं ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याचं नाव मी घेत नाही. आमच्या घरी त्याला 'समोरचा' म्हणतात. हा समोरचा शिकवताना काय करतो ठाऊक आहे? सीटवर मांडी घालून बसतो! मांडी! अरे, तू शिकवायला बसलायस की ताटाची वाट बघतोयस? मी येता-जाता हसायचो. मोठ्याने हसायचो, त्याला ऐकू जाईल असं.

असो. तर एक दिवस ही म्हणाली, "अहो, गावाला गाडी शिकवलीत, मला कधी कुठे नेलंत गाडीतून?" लागलं हो मनाला. मी म्हटलं, कुठे म्हणजे? थेट जंगलात नेतो! आणि तिथल्या तिथे फोन लावून सफारी ठरवली. भाड्याची गाडी, आपली आपण चालवायची, टपावर तंबू. पहिला मुक्काम तळ्याकाठी, मग गवताळ माळ, मग डोंगर, आणि शेवटी नदीकाठी, जिथे हत्ती पाण्यावर येतात. फोनवरचा माणूस असा साखरेत घोळलेला, "साहेब, सोबत ड्रायव्हर देऊ का?" ड्रायव्हर? मला? म्हटलं, "अहो, आमच्या गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांचा मी मास्तर आहे!" "वा वा, मग प्रश्नच नाही. फक्त एक सांगून ठेवतो साहेब, हत्ती वाटेत उभा राहिला तर हॉर्न वाजवायचा नाही. शांतपणे गाडी रिव्हर्स घ्यायची." म्हटलं, "रिव्हर्स? डोळे मिटून घेतो!"

पुढे तसंच झालं. सांगतो.

हिचं तर विचारू नका! दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन आली. सराव म्हणून समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्या बघायला लागली. "अहो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेले कपडे हुंगून बघतात!" रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला विचारते, "हत्तीचं पिल्लू आईच्या पायात घुटमळत असेल का हो?" इतक्या वर्षांत हिच्या आवाजात असा आनंद मी ऐकला नव्हता. आणि मी छताकडे बघत जागा.

जागा का? अहो, तेच तर! त्या रात्री माझ्या ध्यानात आलं, की मी शेवटची गाडी कधी चालवली? म्हणजे मी स्वतः? सकाळी पहिला विद्यार्थी दारातून मला घेऊन जातो, संध्याकाळी शेवटचा आणून सोडतो. बाजारात जायचं असलं की मी एखाद्याला म्हणतो, "आज तुम्हाला गर्दीतून चालवायला शिकवतो!" त्याचं शिकणं होतं, माझी भाजी होते. वीस वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावला तो शेजारून, दुसऱ्याचं वळवायला!

म्हटलं, घाबरतोस काय, तू मास्तर आहेस. भल्या पहाटे उठलो, गाडीत बसलो, खऱ्या सीटवर. आणि तुम्हाला सांगतो, अख्खी गाडी परकी वाटायला लागली हो! गिअर भलत्याच हाताला! आरशात कोण दिसतंय, तर मीच, कपाळावर घाम, तोंडाला कोरड. आणि शेजारची सीट रिकामी! घाबरू नका म्हणणारा कोणीच नाही! रिव्हर्स टाकला, आणि गाडी जी सुटली मागे... मी डोळे मिटले आणि पाय दाबला. दाबला तो सवयीने, भलत्याच ठिकाणी. धाडकन आवाज. डोळे उघडून बघतो तर माझ्याच शाळेची पाटी आडवी. पाटीवर काय लिहिलंय? 'येथे खात्रीने गाडी शिकवली जाते.' आणि पलीकडे दात घासत कोण उभा? समोरचा! ब्रश तोंडातून काढून म्हणतो कसा, "मास्तर, लागलं नाही ना?" हसला असता तर परवडलं असतं.

घरात आलो आणि पलंगावर आडवा झालो. म्हटलं, "पाठ धरली गं. सफारी रद्द करू या." ही दुर्बीण पुसत होती. हात थांबला. दुर्बीण खोक्यात ठेवली, खोकं कपाटात ठेवलं, कपाट लावलं... आणि वळून म्हणाली, "उठा. चला खाली."

खाली आलो तर ही थेट स्टिअरिंगवर! म्हटलं, अगं, तुला कुठे येते? घाबरू नको, ब्रेक माझ्या... तोवर हिने गाडी सुरू केली, मान वळवली, आणि पडलेली पाटी आणि विजेचा खांब यांच्या मधून गाडी अशी मागे नेली, अशी नेली, की लोण्यातून सुरी! मी आ वासून बघतोय.

"कुठे शिकलीस?"

"समोर."

समोर! अहो, माझी बायको! समोर! "अगं, घरात मास्तर असताना?"

"घरच्या मास्तरांकडे तीन दिवस शिकले होते. आठवतंय? सारखा तुमचाच पाय ब्रेकवर. मला कळेचना, गाडी मी चालवतेय का तुम्ही. समोरच्या भाऊजींनी पहिल्याच दिवशी मांडी घातली आणि म्हणाले, वहिनी, आता गाडी तुमची."

वीस वर्षं ज्या मांडीला हसलो, ती त्याने यासाठी घातली होती होय! वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तर आता परवा निघतोय आम्ही. ही चालवणार, मी शेजारी. अट एकच, पाय वर. काल गावातून सराव केला. मी मांडी घालून बसलोय, प्रत्येक वळणाला पाय मांडीतल्या मांडीत उड्या मारतोय, समोरून एक ट्रक आला, मी देवाचं नाव घेतलं... आणि ही, रस्त्यावरची नजरसुद्धा न हलवता म्हणते, "घाबरू नका. ब्रेक माझ्या पायाखाली आहे."

मी मांडी आणखी आवळून घेतली. पण जंगलातले रस्ते लांबलचक, आणि मांडी घातली की माझ्या पायाला मुंग्या येतात हो! आज सकाळी निमूटपणे रस्ता ओलांडला, त्याच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, "बाबा रे, मुंग्यांचं काय करतोस?" त्याने आत बोलावलं, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "बसा मास्तर, शिकवतो."

म्हणजे आमच्या घरातून समोर शिकायला जाणारा मी दुसरा.