सुरतेला गेलेला पेशंट

दुखण्याबद्दल माझी तक्रारच नाही, तुम्हाला सांगतो. दुखणं कुणाला चुकलंय... पण दुखणाऱ्या माणसाला निदान दुखतंय तिथं तरी राहू द्यावं की नाही? पाठीत कुणीतरी उलथनं खुपसून फिरवतंय, शर्ट घामानं चिकटलाय, उभं राहवत नाही, बसवत नाही, आडवं पडवत नाही, आणि उशाशी बसलेली सख्खी आई कानात काय सांगते? "कुणाचा फोन आला तर कण्हायचं नाही. तू सुरतेला गेलायस."

सुरतेला. मी आयुष्यात निपाणीच्या पुढं गेलेलो नाही.

आमचं हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. मी आठवीत होतो तेव्हा अप्पांचा पाय मोडला, म्हणाले, "पांडुरंगा, दोन महिने जरा गादीवर बस." ते दोन महिने अजून चालू आहेत, यंदा चौदा वर्षं होतील. कापड मला कळतं, अंधारात बोटं फिरवून सांगतो सूत कुठलं ते. पण लग्नाच्या बाजारात बोटं कोण विचारतं? मुलीकडं गेलं की उप्पीट यायच्या आत प्रश्न येतो, "मुलगा काय शिकलाय?" आई म्हणते, "दुकान बघतो." "नाही, शिक्षण?" "दुकान मोठं आहे." "पण शाळा...?" "दुकान शाळेच्या शेजारीच आहे." असं सात घरी झालं. सातही ठिकाणचं उप्पीट खाऊन आम्ही परत आलो.

आठवी दीपश्री. धारवाडची, शाळेत शिकवते, म्हणजे आमच्यात बोलणार कोण आणि ऐकणार कोण हे आधीच ठरलेलं. मी खाली मान घालून बसलो होतो, मला वर बघायला येत नाही, काय करणार, त्यामुळं तिचा चेहरा दिसायच्या आधी साडीचा काठ दिसला. तेवढ्यात तिची आई म्हणाली, "शुद्ध रेशीम आहे, खास इलकलहून आणलीय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्यात रेशीम नाही." आईनं कोपरानं अशी ढोसणी दिली म्हणता... आणि ती हसली. म्हणाली, "मी आईला तेच सांगत होते." दुसऱ्या दिवशी चंद्रभागाक्का निरोप घेऊन आली. आमच्या सगळ्या सोयरिकी हीच जुळवते. म्हणाली, "मुलगी हो म्हणतेय. म्हणतेय, आठवी असू दे, खोटं बोलत नाही."

खोटं बोलत नाही म्हणून मी पसंत पडलो. येत्या शुक्रवारी सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी दुकानात एका अक्काला ब्लाउज पीस दाखवता दाखवता मी गादीवर आडवा झालो. त्या अक्काला वाटलं कापडाचा ताणा, म्हणजे उभं सूत, दाखवतोय. "पुरे अण्णा, बघितलं," म्हणाली.

अप्पा म्हणाले, वारा धरला असेल. आईनं ओवा दिला, सोडा दिला, बेंबीवर हिंग लावला, शेजारच्या वेणूबाई काहीतरी उतरवून टाकायला मीठमोहरी शोधत होत्या, तेवढ्यात माझे डोळे पांढरे झाले, मग कुठं भाऊजींची गाडी आली. माझ्या बहिणीचे यजमान, रवी भाऊजी. आता दाजीबानपेठेतून निघालं तर दहा मिनिटांत कुठलाही दवाखाना. पण आई गाडीत बसली आणि म्हणाली, "हुबळीत नको. आपल्या बाजारात एक शिंक दिली तर चार जण काढा सांगायला येतात. शुक्रवारच्या आत धारवाडला कळलं तर?" भाऊजी म्हणाले, "मग धारवाडला नेऊ?" "तुम्हाला कळतं का काही? धारवाडला तर ते स्वतःच राहतात."

म्हणून काय केलं, तर मधे. हुबळीत नको, धारवाडात नको, मधे नवनगरच्या पुढं रस्त्यावर एक नवं हॉस्पिटल झालंय, तिथं. वाटेत विद्यानगरला एक दवाखाना गेला, मी हात केला. उणकलला दुसरा गेला, मी नुसतं बघितलं. प्रत्येक उंचवट्याला गाडी वर जायची आणि माझा जीव तिथंच राहायचा. आणि आई पुढच्या सीटवरून वेणूबाईंना फोनवर सांगतेय, "अहो काही नाही, अपचन. बरा झाला लगेच. आणि तसाच उठून सुरतेला गेला की. खरेदीला."

मी मागच्या सीटवर गुडघ्यात डोकं घालून होतो. पण मी कुठं होतो? सुरतेला.

एक्स-रेत मुतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले पाण्याचा दोष, ह्या भागात फार. सुई दिली, सलाईन लावलं, रविवारी सोनोग्राफीवाले येत नाहीत म्हणून सोमवारपर्यंत ठेवून घेतलं. आता माणूस आजारी पडला की लोक बघायला येतात, शहाळं आणतात, जवळ बसून स्वतःची आजारपणं सांगतात, आपल्याला बरं वाटतं. माझ्याकडं कोण येणार? सुरतेला कोण येतं बघायला? शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याकडं पंधरा माणसं, जागा नाही म्हणून त्यातली तीन माझ्या पायाशी. मला विचारतात, "तुमचं कुणी नाही का?"

आणि फोन. सगळ्या बाजाराला कळलेलं, पांडुरंग सुरतेला गेलाय. वेणूबाईंना जरीची साडी पाहिजे. त्यांच्या सुनेला तशीच पाहिजे पण त्यांच्यापेक्षा भारी. अण्णिगेरीचे भीमराव, आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांनी तर दुखण्याची कळ अगदी वर चढलेली असताना फोन केला. "पांडुरंग, पडद्याचं कापड बघ माझ्यासाठी. समोर काय आहे?"

समोर वॉर्डाचा पडदा होता. मी काय सांगणार? म्हटलं, "हिरवा आहे. मळकट हिरवा."

"हातात धरून बघ. पोत कसाय?"

सलाईन लावलेल्या हातानं मी पडदा धरून बघितला हो. "जाड आहे. धुवून धुवून मऊ पडलाय."

"अरे, सुरतेत धुतलेलं कापड विकतात?"

तेवढ्यात नर्स आली. "ऊट आतेनरी?" जेवण झालं का म्हणून विचारतेय बिचारी.

"पांडुरंग, तिथं कन्नड कोण बोलतंय रे?"

"आपली माणसं सगळीकडं आहेत, भीमराव," म्हटलं आणि फोन उशीखाली दाबला. जो माणूस साडीत रेशीम नाही म्हणून भर बैठकीत सांगून बसला, त्यानं दोन दिवसांत एवढं खोटं बोलावं? दुखायचं थांबलं की मला तेच दुखायचं. शुक्रवारी सुपारी फुटेल, लग्न होईल, पुढं कधीतरी ती विचारेल, सुरत कशी आहे? काय सांगू, मळकट हिरवी आहे?

सोमवारी सोनोग्राफी. त्याचा नियम तुम्हाला ठाऊक असेल, पोट पाण्यानं तुडुंब पाहिजे. बाकावर बसवतात, बाटल्या देतात आणि ती तिथली बाई दर पाच मिनिटांनी येऊन म्हणते, "नीर कुडीरी, इन्नू कुडीरी." प्या, अजून प्या. अंगावर हॉस्पिटलचा झगा, मागून दोऱ्यांचा. त्यातली एक दोरी तुटलेली. एका हातात बाटली, एका हातानं मागं झगा धरलेला, असा मी खाली मान घालून बसलो होतो. आणि शेजारी कुणीतरी येऊन बसलं. वर बघायला मला येत नाहीच. मला पाय दिसले, झग्याची कड दिसली. तिकडची दोरी शाबूत होती.

"तुम्ही सुरतेला ना?"

तुम्हाला सांगतो, पोटात दीड लिटर पाणी असताना माणसाला असा प्रश्न विचारू नये.

दीपश्री होती. आवाजावरून ओळखलं; हातात बाटली, शालीचं टोक गुडघ्यावर. मी म्हटलं, "तुम्ही बेळगावला ना? मावशीकडं? चंद्रभागाक्का म्हणाली."

"हो," म्हणाली. "कालच पोचले." आणि बाटलीतलं पाणी प्यायली.

म्हणजे तिच्याही घरी तेच. धारवाडात कळायला नको, हुबळीत तर आम्हीच राहतो, म्हणून मधे. दोन घरं, दोन शहाण्या आया, आणि मधे एकच हॉस्पिटल.

"किती आहे तुमचा?" तिनं विचारलं.

"पाच मिलीमीटर असेल म्हणतात. तुमचा?"

"सहा."

"असणारच. तुम्ही शिकलेल्या."

ती हसायला लागली आणि एकदम थांबली. "हसवू नका हो," म्हणाली, "पोट भरलंय." मग जरा वेळानं, "मला वाटलं होतं तुम्ही खोटं बोलत नाही."

"मी नाही बोललो," म्हटलं. "माझ्या आईनं सांगितलं. मी फक्त... नाही म्हटलं नाही."

"मीपण," ती म्हणाली.

आणि मी वर बघितलं. पहिल्यांदा. चेहरा सुजलेला, डोळ्याखाली काळं, केसांना तेल नाही. काय सांगू तुम्हाला... मी वीस मिनिटं बोललो. मी. दुकानाबद्दल, अप्पांच्या पायाबद्दल, शेजारच्या शाळेच्या फाटकाकडं बघायचं अजून मी टाळतो त्याबद्दल. ती म्हणाली, मला लहान मुलांना शिकवायची सवय आहे, आठवीचं पुस्तक आपण जमलं तर काढू. ती बाई येऊन आम्हाला म्हणत होती, इन्नू कुडीरी, आणि आम्ही पीत होतो. जगातल्या कुठल्या जोडप्यानं इतकं पाणी पिऊन एकमेकांना पसंत केलं असेल?

मग आई आली, नारळपाणी घेऊन. आणि त्याच दारातून, त्याच वेळी, तिची आई आली. नारळपाणी घेऊन.

दोघी उभ्या. आम्ही दोघं समोर बाकावर, झगे घालून, हातात बाटल्या. आता तरी काही लपायला जागा होती का? पण तुम्हाला सांगतो, माझी आई हसून काय म्हणाली? "अय्या, तुम्ही इकडं कुठं?" तिची आई म्हणाली, "आमच्या एक ओळखीच्या आहेत, त्यांना बघायला. तुम्ही?" आई म्हणाली, "आम्हीपण. ओळखीचेच." "बरं आहे ना त्यांना?" "बरं आहे की. पांडुरंग असता तर तोही आला असता, पण तो..."

मी कुठं होतो? तिच्यापासून चार हातांवर होतो हो. झगा धरून.

त्याच दिवशी संध्याकाळी चंद्रभागाक्काला दोन फोन गेले. एक इकडून, एक तिकडून. ती बिचारी सांगत होती, दोन्हीकडचं बोलणं एकच, मला तर वाटलं एकच बाई दोनदा बोलतेय. आई म्हणाली, "आजारी मुलगी गळ्यात मारत होते. मुतखडा खानदानी असतो, उद्या पोराबाळांना झाला म्हणजे?" तिकडून, "शिक्षण नाही ते चालवून घेतलं असतं. पण आजार लपवला." शुक्रवारी सुपारी फुटायची ती फुटलीच नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा आईला म्हटलं, "आई, आपणही लपवलंच की. मलाही तोच आहे की."

आई म्हणाली, "आपलं वेगळं. आपण मुलाकडचे."

"तिचा एक मिलीमीटरच जास्त आहे," म्हटलं.

"आताच जास्त आहे," आई म्हणाली, "लग्नानंतर काय होईल?" अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

आता तिचा नंबर माझ्याकडं नव्हता, मागायला तोंड नव्हतं. पण हॉस्पिटलातून घरी सोडताना एवढं ऐकलं होतं, डॉक्टरांनी दोघांनाही एकच तारीख दिली होती. सहा आठवड्यांनी, मंगळवार, दहा वाजता, पुन्हा सोनोग्राफी. आणि म्हणाले होते, "रोज चार लिटर पाणी प्या. खडा आपणहून पडला तर यायचीसुद्धा गरज नाही, फोन करून कळवा."

यायचीसुद्धा गरज नाही. हे ऐकल्यावर तुम्ही काय केलं असतं?

मी पाणी बंद केलं. बंद म्हणजे अगदी घशापुरतं. आई दर तासाला तांब्या घेऊन उभी, "प्यायलास?" "प्यायलो की." दुकानामागं एक कढीपत्त्याचं झाड आहे, त्याला कधी पानं नव्हती, ते सहा आठवड्यांत एवढं वाढलं की वेणूबाई रोज तोडून नेतात. दोनदा कळ आली. तोंडात पंचा धरून गादीवर बसून राहिलो, गिऱ्हाईकाला चादरी दाखवल्या. पाच मिलीमीटरचा तो खडा मी एखाद्या ठेवीसारखा सांभाळला.

मंगळवारी साडेनऊलाच जाऊन बाकावर बसलो. त्या बाईनं बाटली दिली. दहा वाजले. प्यायलो. साडेदहा झाले. अजून प्यायलो. शेजारी एक माणूस येऊन बसला, मी त्याला दुसरीकडं बसायला सांगितलं, मी. अकरा वाजता आत बोलावलं. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं आणि म्हणाले, "आहे की तिथंच. अर्धा मिलीमीटर वाढलाच आहे. पाणी पीत नव्हता काय?"

बाहेर येऊन त्या बाईला विचारलं. मान खाली घालून विचारलं, त्या धारवाडच्या टीचर... आज होत्या ना?

बाई म्हणाली, "त्यांचा फोन आला होता. पंधरा दिवसांतच पडला त्यांचा."

पडणारच. शिकलेली मुलगी. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पाणी प्यायली असणार.