पाच शिखरं आणि सुधीरचे बूट

मी चौकशा फार करते म्हणता ना, मग ऐका. आमच्या माडीवर भाड्यानं राहणारा पुण्याचा सुधीर कंपनीच्या कामानं स्कॉटलंडला जाऊन आला, तो लंगडतच. मी त्याला पायरीवर बसवलं, पाय मिठाच्या गरम पाण्यात ठेवायला लावले आणि म्हटलं, "आता स्वल्प सावकाश सांग."

"अक्का, ऑफिसवाल्यांबरोबर एका दिवसात पाच शिखरं चढलो."

"देवळं कुणाची होती?"

"देवळं नव्हती. माथ्यावर नुसता दगडांचा ढीग. तरी दरवेळी मी बूट काढून प्रदक्षिणा घातली."

"त्या थंडीत?"

"पावसात. पाचव्या माथ्यावर पाय इतके सुजले की बूट चढेनात. अंधार पडायच्या आत उतरायचं होतं. शेवटी साहेबानं गुडघे टेकून माझे बूट चढवले. उतरताना माझ्याशी कुणी बोललं नाही."

"अरे, देवच नव्हता तर बूट कशाला काढलेस?"

त्यानं दमून डोळे मिटले. "डोंगरमाथ्यावर पायात काही ठेवू नकोस, असं निघताना तुम्हीच बजावलंत. आल्यावर तुम्ही विचारणार, हे ठाऊक होतं."

मी पाणी बदलून आणलं. प्रदक्षिणा किती घातल्या, हे विचारायचं राहूनच गेलं.