मिस व्हेल्डाचा आवाज

हॅलो?… हॅलो, मर्ना? मी लुअ‍ॅन… अगं तुझी बहीण लुअ‍ॅन, दुसरी कोण असणार… आधी ओव्हन बंद कर. करपू देत बिस्किटं… नाही, अपघात-बिपघात काही नाही. गाडीत बसलेय. स्टुडिओच्या बाहेर. दारं आतून लावून घेतलीत… हळू का बोलतेय म्हणजे? घाबरलेय म्हणून.

ऐक ना. मध्ये बोलू नकोस… हो, मिस व्हेल्डाला गायला दिलेलं तेच माझं गाणं… नाही, नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपले असते.

मी डेमो कसे गाते ते माहितीय ना तुला?… हां. ज्याला गाणं द्यायचं, त्याच्याच ढंगात गाऊन पाठवायचं. इथे सगळेच करतात. आणि मिस व्हेल्डा म्हणजे मला काय… हो बाई, लहानपणी तिचीच गाणी, कोंबड्यांच्या खुराड्यात. आईचा ॲप्रन डोक्याला बांधून. हस तू. तिच्या नकला करता करताच मी गाणी लिहायला लागले, हे तूच चर्चमध्ये सगळ्यांना सांगतेस ना?… मग. सकाळी हॉटेलात लोकांची अंडी तळायची, दुपारी कुणाबरोबर तरी बसून ओळी जुळवायच्या, असंच चाललंय इतकी वर्षं. आणि लिहिताना कानात आवाज कुणाचा? तिचाच. दाढीवाल्या बाप्यासाठी लिहिलेलं गाणंसुद्धा माझ्या डोक्यात तीच गायची.

हो, तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, पेपरात आलं होतं ते. त्याच्या आधी आली होती ती दोनचारदा स्टुडिओत माझं गाणं म्हणायला. आवाज फाटायचा… कुठलं पुरं होतंय. आणि गाणं मात्र तिच्यासाठी अडवून ठेवलेलं, दुसऱ्या कुणाला दाखवायची सोय नाही. तर काल हॉयटचा फोन… हॉयट गं, तिचं रेकॉर्डिंग करतो तो. थँक्सगिव्हिंगला आपल्याकडे टर्की खाऊन वर डबा भरून घेऊन गेला… हां, तोच. म्हणे, शेवटचं कडवं तू नवं लिहिलंयस ना, तेवढं येऊन गाऊन जा. मला वाटलं, तिला चाल कळावी म्हणून असेल. चांगला ब्लाउज घालून आले, वेडी.

थांब. स्टुडिओचं दार उघडलं… नाही, पिझ्झावाला आहे.

तर आत गेले. हॉयटनं गाणं लावलं. "ऐक, व्हेल्डानं काय कमाल केलीय." मर्ना, ती व्हेल्डा नव्हती. मी होते… मीच गं. माझा डेमो. मागे फिडल-बिडल सगळं नवं भरलंय. आणि तिला सांगितलंय की हा तुझाच आवाज, ऑपरेशनच्या आधीचे चांगले चांगले तुकडे जोडलेत… हो. तिच्या तोंडावर. तिनं ऐकलं आणि रडली म्हणे. "आनंदानं रडली बिचारी, तो आनंद तू हिरावून घेणार का?" हे वर मलाच विचारतो… म्हणूनच बोलावलं ना. डेमोत जुनं कडवं आहे. नवं आता मी गायचं, तिच्या आवाजात, आणि तोंड मिटून घरी जायचं.

नाही, गायले नाही अजून. बाथरूमला जाऊन येते म्हटलं आणि पळाले.

अगं तेच तर. नाही गायले तर गाणं गेलं. हॉयट गावभर सांगत फिरेल, ही बाई नखरेल आहे म्हणून. मग या वयात माझं गाणं कोण ऐकून घेणार?… आणि गायले तर? ती स्टेजवर उभी राहील, लोक टाळ्या वाजवतील, आणि तोंड उघडल्यावर काय होईल तिचं? विचार केलायस?… खोटं बोलू मी? तिच्याशी? आई गेली त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठले ती कुणाच्या गाण्यांवर?… तू नव्हतीस. तू नुसती भोकाड पसरून बसली होतीस.

भीती कसली म्हणजे? सगळ्याची. खरं काय ते तिला सांगण्याची तर फारच. तिला वाटतंय आपला आवाज शाबूत आहे. आणि मी जाऊन सांगायचं, नाही हो, तो नाही तुमचा? मी कोण सांगणारी?

नको, तू नको हॉयटला फोन करू. तू काय बोलशील मला माहितीय… निघून येऊ? किल्ली लावून बसलेय मघापासून. फिरवायला होत नाहीये.

मर्ना. गप्प बस जरा. ती आलीय… मिस व्हेल्डा. गळ्याला स्कार्फ गुंडाळलाय. एकटीच. इकडेच येतेय… लपून काय उपयोग, बघितलं तिनं. काच वाजवतेय.

फोन ठेवू नकोस. तुझ्या पाया पडते, ठेवू नकोस.

या ना, मिस व्हेल्डा, बसा… थांबा, ही पिशवी काढते… बहीण आहे फोनवर. गावाकडची… मर्ना, तुला विचारतायत कशी आहेस… नाही, तुला नाही ऐकू येणार. मलाच जेमतेम येतंय.

मिस व्हेल्डा, मला एक सांगायचंय… नाही, आधी मी. नाहीतर माझ्यानं होणार नाही. आत तुम्हाला जे ऐकवलं ना… त्यात तुम्ही नाही आहात. एकही तुकडा तुमचा नाही. सगळी मी आहे. मी तुमच्यासारखं गाते. लहानपणापासून… माफ करा मला.

…काय?

हो मर्ना, आहे मी. सांगितलं… नाही, रागावल्या नाहीत. म्हणतायत, पहिल्या ओळीलाच कळलं होतं. आपला आवाज आपण ओळखत नाही का, म्हणतायत… मग बोलल्या का नाहीत? थांब, पुन्हा सांगतायत…

म्हणतायत, आनंदानं नव्हते रडले.

तू नको ना रडू. मग मलाही…

हं? आत्ता? इथे गाडीत?… नाही जमणार हो, घसा पार कोरडा पडलाय… मर्ना, ऑपरेशननंतर त्या एकदाही गायल्या नाहीत गं. घरात एकट्या असतानासुद्धा नाही. तोंड उघडायचीच भीती वाटते म्हणतायत… कुणीतरी सोबत असेल तर बघेन, म्हणतायत. मी म्हणायचं, अगदी खालच्या पट्टीत. त्या मागून येतील, आलं तर… त्यांच्या आवाजात नको, म्हणतायत. तुझ्या आवाजात गा.

माझ्या?… मर्ना, माझा आवाज कसा आहे, मलाच कुठे माहितीय?

…हो, मिस व्हेल्डा. लावते काच वर.

नाही मर्ना, तू नाही ऐकायचंस. ठेवते मी.