ब्रेलचं मशीन इथंच राहील

मुख्याध्यापक : बाई, हात काढा त्याच्यावरून. हे मेकॅनिक तासभर टेम्पो घेऊन खोळंबलेत.

बाई : खोळंबू देत, सर. मी मशीन सोडणार नाही.

मेकॅनिक : मॅडम, कंपनीनं मला ब्रेल छापायचं जुनं मशीन उचलून आणायला सांगितलंय. मी हुकमाचा ताबेदार.

बाई : मशीनला झालंय काय, ते सांगा.

मेकॅनिक : मशीन ठणठणीत आहे. पण शाळेत नवे कॉम्प्युटर आले आणि या मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे दोघांना जोडणारा प्रोग्राम, कंपनीनं त्यांच्यासाठी काढलाच नाही. कॉम्प्युटर बोलतो, याला कळत नाही.

बाई : दुभाषी मिळत नाही म्हणून धडधाकट गडी भंगारात! वा!

मुख्याध्यापक : परवा सातवीचा गणिताचा पेपर. नवं मशीन येईपर्यंत वर्गातल्या त्या दोघी अंध मुलींना प्रश्न वाचून दाखवू. इतकं काय त्यात?

बाई : मलाही वाचूनच दाखवायचे, सर. एकदा वाचायचे, पुन्हा विचारलं की मोठ्ठा उसासा. त्या उसाशाला भिऊन मी अर्धवट ऐकलेला प्रश्न तसाच सोडवायचे. गणित येत होतं, तरी एक वर्ष नापास झाले.

मुख्याध्यापक : हे कधी बोलला नाहीत.

बाई : आज वेळ आली. ऐका, कुणीतरी या मशीनचा ड्रायव्हर लिहून त्याचा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. तयार प्रोग्राम नाही; कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्याच कॉम्प्युटरवर त्यातून प्रोग्राम बांधून काढायचा. सकाळपासून तेच करतेय.

मेकॅनिक : ते इंजिनिअर लोकांचं काम, मॅडम. आणि तुम्हाला तर स्क्रीनवरचं… म्हणजे…

बाई : दिसत नाही. बोला की, जीभ कशाला चावताय? कॉम्प्युटर मला कानात वाचून दाखवतो. आत्ता म्हणतोय, एक फाइल सापडत नाही.

मुख्याध्यापक : बघा, घोडं अडलं!

बाई : कुठं अडलं? काय हवंय ते नाव घेऊन सांगतोय. इतकं स्पष्ट आपल्या स्टाफरूममध्येसुद्धा कुणी बोलत नाही. ही घातली फाइल. चला, पुन्हा सुरू.

मेकॅनिक : सर, ओळी कशा सरसर पळताहेत बघा.

मुख्याध्यापक : तुम्ही कॉम्प्युटर शिकवता, मान्य. पण नाही जमलं तर जबाबदारी कुणाची?

बाई : माझी. लेखी देते. मशीन दाराबाहेर गेलं तर कुणाची, तेवढं तुम्ही लेखी द्या.

मुख्याध्यापक : अहो, मी काय तुमचा वैरी आहे?

बाई : नाही. म्हणून तर तोंडावर भांडतेय.

मेकॅनिक : ओळी थांबल्या.

बाई : बांधून झालं. आता इन्स्टॉल… झालं. कागद लावा, दादा.

(मशीन खडखडाट करत एक पान बाहेर टाकतं.)

मुख्याध्यापक : छापलं! बाई, छापलं की!

बाई : थांबा, बोटं फिरवू द्या. अं… प्रत्येक ओळीचं शेपूट गायब आहे. ‘त्रिकोणाच्या’, आणि पुढं काहीच नाही.

मेकॅनिक : मोठ्या मशीनच्या मापानं लिहिलं असणार. त्यात ओळीला चाळीस अक्षरं बसतात, यात बत्तीस.

बाई : तुम्हाला इतकं माहीत आहे?

मेकॅनिक : अठरा वर्षं हीच मशीनं खोलतोय, मॅडम. कुणी विचारलं नाही कधी.

बाई : मग उभे का? खुर्ची घ्या. कोडात चाळीस कुठं लिहिलंय, शोधते… हं, सापडलं. चाळीस खोडलं, बत्तीस लिहिलं. कंपनीच्या ड्रायव्हरला असा हात लावू दिला असता?

मेकॅनिक : मलाही देत नाहीत.

मुख्याध्यापक : आता पुन्हा तेवढाच वेळ?

बाई : छे, बदललेला तुकडाच नव्यानं बांधायचा. झालासुद्धा. छापतेय.

मुख्याध्यापक : आलं पान. घ्या, वाचा.

बाई : ‘त्रिकोणाच्या तीन कोनांपैकी दोन कोन…’ आहे, सर. पूर्णविरामापर्यंत सगळं आहे.

मुख्याध्यापक : मग… दोन प्रती काढा. पेपरच्या सगळ्या पानांच्या.

मेकॅनिक : टेम्पो रिकामाच नेतो. पण ऑफिसात कारण भरावं लागेल. काय लिहू, मॅडम?

बाई : लिहा, वापरात आहे.