हळू, कोणीतरी झोपलंय!

...आणि वर मलाच विचारतात, "दुर्गाबाई, ढोलाला गोधडी कशापायी घातलीय?" ढोलाला थंडी वाजत होती म्हणून! दुसरं काय सांगणार? माझ्या सासूच्या हातची गोधडी, सात लुगड्यांची, लेकीच्या रुखवतात मांडायची म्हणून ट्रंकेत जपून ठेवलेली, ती काढून त्या मोठ्या ढोलाला गुंडाळली, वरनं सुतळीनं आवळली, बाळंतिणीचं पोट बांधतात तशी... आणि तरी खालनं झाडूच्या दांड्यानं ठकठक होतेच! "काकू, हळू! कोणीतरी झोपलंय!"

कोणीतरी झोपलंय! दोन महिने, तुम्हाला सांगते, दोन महिने मी देवाचं नाव जेवढं घेतलं नसेल तेवढं हे वाक्य ऐकलं.

आम्ही चिखलीत आबाजींच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो. आधी त्या जागेत आबाजींचा हरभरा यायचा, आता भाडेकरू येतात. चार मजले, सोळा खोल्या, आणि सोळाच्या सोळा कंपनीवाले. कोणी फर्स्ट शिफ्ट, कोणी सेकंड, कोणी थर्ड. आमच्या गेवराईकडं कसं, रात्र झाली की गाव झोपतं, कोंबडा आरवला की गाव उठतं, हिशेब सरळ. इथं झोपसुद्धा पाळीनं! एक उठला की दुसरा आडवा. सकाळी आठ वाजता तुम्ही फोडणी द्या, तो चर्रर्र आवाज झाला की थर्डवाला ओरडतो. रात्री नऊला भांडी घासा, फर्स्टवाला ओरडतो. आणि गुरुवारचं तर नावच काढू नका. जगाला सुट्टी रविवारची, आमच्या एमआयडीसीला गुरुवारची. त्या दिवशी सगळी बिल्डिंग एकदम झोपते, दुपारी बारालासुद्धा मसणवट्यासारखी शांतता... आणि अशा बिल्डिंगमध्ये आमच्या ह्यांना बँड सुचला!

बँड म्हणजे पोरांचा गिटारबिटारवाला नाही हो. लग्नातला. पितळेचा. ह्यांच्या बापाची गावाकडं बँड पार्टी होती, हे सत्ताविसाव्या वर्षापर्यंत ट्रम्पेट वाजवायचे. मग इकडं आले, प्रेस शॉपला लागले, आणि ट्रम्पेट गेलं पलंगाखाली. एकतीस वर्षं त्या पॉवर प्रेसवर काढली, धाड, धाड, धाड... रिटायर झाले तेव्हा कंपनीनं शाल दिली, नारळ दिला आणि अर्धे कान ठेवून घेतले.

आता आमच्या वर्षालीचं लग्न ठरलं. सांगवीचं स्थळ. तिची सासू विजयश्रीताई, त्या बोलणीला आल्या तेव्हाच नाक वर करून म्हणाल्या, "आमच्याकडे वरातीला डीजे असतो हं!" तर आमची बया पटकन बोलून गेली, "माझ्या वरातीत पप्पा वाजवणार. लहानपणीच कबूल केलंय त्यांनी." झालं! ह्यांचे डोळे भरले. पलंगाखालनं ट्रम्पेट निघालं. आता बापाचे डोळे भरलेले असताना बाईनं काय बोलावं? मी गप्प बसले. आयुष्यात एकदा गप्प बसले, तर बघा काय झालं!

दुसऱ्या दिवशी माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत बँड हजर. हे ट्रम्पेटवर. मोठ्या ढोलाला बंटी, तो भाजीचा टेम्पो चालवतो, दुपारी मोकळाच. आणि क्लॅरिनेटला समाधान, ह्यांच्याच प्रेस शॉपचा, थर्ड शिफ्ट करून आलेला, डोळे असे लाल की मला वाटलं पोराला डोळे आलेत. ह्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं... आणि मांडणीवरचे तीन पेले खाली! मी म्हटलं, "अहो, हळू!" तर म्हणतात, "हळूच वाजवतोय की!" अर्ध्या कानानं ऐकणाऱ्याला सगळं जग हळूच!

तेवढ्यात खालनं ठकठक. खाली नागसेन, थर्ड शिफ्ट. मग वरनं पाटा आपटल्याचा आवाज. मग जिन्यातनं आबाजी, हातात काठी, धोतराचा सोगा धरून. "दुर्गाबाई, ह्ये काय हाय? माजी बिल्डिंग हाय का तमाशाची कनात? पोरं रातभर राबून येत्यात, दुपारी झोपू द्याचं न्हाई व्हय? आता आणिक एक तक्रार आली ना, तर खोली खाली. मंग लगीन असू द्या न्हाईतर बारसं."

ऐकलंत? लग्नाला दोन महिने. पत्रिकेवर पत्ता छापलेला. हळद आबाजींच्याच गच्चीवर ठरलेली. आणि खोली खाली! मग लेकीला कुठल्या दारातनं काढायचं मी, फुटपाथवरनं? मी ह्यांना म्हटलं, सोडा तो नाद. तर उठले. ट्रम्पेट पुसलं, फडक्यात गुंडाळलं, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आता माणूस भांडला तर मला झेपतं हो. जेवला नाही की मी मेले.

मग सुरू झाले उपाय. समाधाननं मोबाइलवर बघितलं, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही. अंडेवाल्याकडनं शंभर ट्रे आणले. मैद्याची खळ करून मी स्वतः लावले. आवाज होता तेवढाच, वर घरात खुराड्याचा वास, आणि ती खळ खायला अख्ख्या चिखलीची झुरळं! मग ट्रम्पेटात कंपनीचा मोजा कोंबला. तर आवाज असा निघाला की शेजारीण विचारते, "काकू, काकांना गॅस झालाय का?" मग ती गोधडी. आणि एवढं सगळं करून खालनं आपलं ते आहेच... कोणीतरी झोपलंय!

मी म्हटलं, थांबा. कोण झोपलंय? कधी झोपलंय? एकदा बघतेच. चौथी शिकलेली बाई मी, पण चौथीत हजेरी मीच मांडायचे! जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, सोळा खोल्यांच्या सोळा रेघा मारल्या आणि निघाले दारोदार. "तुम्ही झोपता कधी, उठता कधी?" झोपलेल्याला काजळाचा ठिपका, जाग्याला हळद, ड्यूटीवर गेलेल्याला कुंकू. तिसऱ्या मजल्यावर गणराजचं नवीन लग्न झालेलं. त्याला विचारलं, "रात्री कधी झोपता रे?" तर ती पोरगी लाजून आत पळाली आणि हा म्हणतो, "काकू, काय विचारताय!" म्हटलं, मुडद्या, मला बँड वाजवायचाय, तुझा पाळणा नाही!

आठ दिवसांत पान भरलं. सगळं काळं. काजळच काजळ. आणि त्या काळ्यात मला एक पिवळी-लाल पट्टी दिसली. दुपारी दोन ते पावणेतीन! फर्स्टवाले अजून कंपनीत. सेकंडवाल्यांची बस पावणेतीनला चौकातनं, म्हणजे दोनला त्यांना तयारीला लागायचंच. राहता राहिले थर्डवाले, आणि त्यांच्यातला एकच आडवा, नागसेन.

"नागसेन, दोनला उठशील का बाबा?"

"काकू, मी तीनला उठतो."

"तीनला उठून काय दिवे लावतोस? मोबाइलच बघतोस ना? तो तासभर आधी बघ. रोज दोन गरम भाकरी आणि ठेचा देते."

उठला. ठेच्याला माणूस काय, मढंसुद्धा उठेल.

मग काय, दोनच्या ठोक्याला बँड. गोधडी ढोलावर, मोजा ट्रम्पेटात, कारण आबाजींचा काही भरवसा नाही. ढोल नुसता धप् धप् करायचा, पण जमिनीतनं, भिंतींतनं बिल्डिंगभर जायचा, खाली नागसेनचा पंखा हलायचा. आणि तो समाधान! सोळा उंबरे मी ज्या झोपेपायी झिजवले, ती झोप हा माझ्या घरात उभ्या उभ्या काढायचा. तोंडात क्लॅरिनेट, डोळे मिटलेले, आणि घुर्रर्र... ह्यांना वाटायचं खालचा सूर लावलाय. ह्यांनी जोर केला की मी खुणावायचे, हळू, कोणीतरी झोपलंय. लग्नापर्यंत असं रोज, गुरुवार सोडून.

आला लग्नाचा दिवस. गुरुवार धरलेला, म्हणून सगळी बिल्डिंग आली, आबाजी फेटा बांधून. अक्षता पडल्या, जेवणं झाली, संध्याकाळी वरात निघाली. लेक सजवलेल्या जीपमध्ये, पुढं हे तिघं, लाल कोट, सोनेरी फीत. ह्यांनी वर्षालीकडं बघितलं, ट्रम्पेट तोंडाला लावलं...

फुस्स!

मोजा काढलेला, गोधडी सोडलेली, सगळं मोकळं, आणि तरी आवाज नाही! बंटी ढोलावर हात फिरवतोय, जसं काही तान्ह्या पोराला थोपटतोय. दोन महिन्यांची सवय हो! हळू वाजवून वाजवून मोठ्यानं वाजवायचंच विसरले तिघं. विजयश्रीताई पुढं आल्या आणि म्हणतात, "यांचा स्पीकर बंद पडलाय का?" मागनं कोणीतरी फिदीफिदी हसलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. जीपमध्ये लेकीनं मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. नऊवारीचा पदर खोचला, बंटीच्या हातातनं दांडी ओढून घेतली आणि त्या ढोलावर अशी हाणली, अशी हाणली! म्हटलं, "अहो, वाजवा! लेकीची वरात आहे! इथं कोण झोपलंय?"

तुम्हाला सांगते, मग ह्यांनी जे ट्रम्पेट फुंकलं... एकतीस वर्षांचं साठलेलं होतं हो ते. सांगवीच्या गाड्यांचे हॉर्न बंद पडले. आबाजी फेटा सोडून नाचले. विजयश्रीताई स्वतः नाचल्या, घाम पुसत म्हणतात, "डीजेत ही मजा नाही." समाधानसुद्धा जागा होता! आणि वर्षाली रडत होती, पण मान वर करून.

झालं. संपलं. लेक गेली, गोधडी रुखवताबरोबर गेली. शुक्रवारी मी अंड्यांचे ट्रे उपटले, जेवले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा दुपारी आडवी झाले. दोन वाजले. शांतता. अहाहा... माझाही एकदाचा काजळाचा ठिपका!

तीनला दारावर धडाधडा थापा. दार उघडते तर जिनाभर माणसं. गणराज पुढं, डब्याची पिशवी हातात, "काकू, आज बँड का नाही वाजवला? जेवून जरा पडलो होतो, बस गेली ना!" असे पाच जण. पाच! सगळ्यांनी मोबाइलचे गजर काढून टाकले होते, म्हणे काकूंचा ढोल आहे ना! नागसेन तर रडकुंडीला, "काकू, दोनला उठायला लागल्यापासनं पोराला शाळेतनं मीच आणतो, आज ते गेटवर अर्धा तास उभं राहिलं. तुम्ही आधी सांगायचं तरी!"

मी? मी सांगायचं?

तेवढ्यात जिन्यातनं काठी वाजली. आबाजी. "दुर्गाबाई, तक्रार आलीया."

"आता कसली? वाजवतंय कोण?"

"त्येच तर! वाजत न्हाई म्हनून तक्रार हाय. उद्यापासनं दोनला वाजलं पायजे. गुरवार सोडून. आणिक एक तक्रार आली ना, तर खोली खाली!"

तेव्हापासनं रोज दोनला आमचे हे लाल कोट घालून ट्रम्पेट फुंकतात. खूश आहेत, दोन पोळ्या जास्त जेवतात. काल जरा अंग मोडून आलं होतं, म्हणून पडल्या पडल्या म्हटलं, "अहो, आजच्या दिवस हळू वाजवा..."

ह्यांनी आवाज खाली आणला, आणि खालनं झाडूचा दांडा ठकठक! "काकू, जोरात! कोणीतरी झोपलंय!"