पुलाचं पाणी

मुरुडजवळच्या फाट्यावर माझ्या शेजारी दोघे लातूरच्या बसची वाट पाहत होते. नव्या लातूर जिल्ह्यातल्या नव्या रेल्वेमार्गावर देखरेख ठेवणाऱ्या गावसमितीचे ते सदस्य. शेजारी ऐकत बसलेल्या माझ्यावर मात्र त्यांची देखरेख नव्हती.

“ईश्वरप्पा, उद्या सकाळी पुलावरून पहिली गाडी. समिती पुढच्या डब्यात.”

“माझं पोट दुखायलंय, शेषेराव.”

“उद्याचं दुखणं आजच?”

“थट्टा नको. पुलाच्या सिमेंटवर मारायचं पाणी कुठं गेलं?”

“आपल्या गावात. टँकर आपणच आडात रिता केला.”

“अन् पुलाला भरपूर पाणी मारलं, असं रेल्वेच्या साहेबाला कुणी सांगितलं?”

“आपणच. माणसं तहानली होती, अप्पा.”

“काल खांबाला नख लावलं. भुकटी आली हातात.”

“बाप रे! मंग साहेबाला सांगू, गाडी थांबवा म्हणून.”

“त्यासाठीच तर तुम्हाला घेऊन लातूरला निघालो. पण सांगितलं की टँकर बंद. दुसऱ्या पुलाच्या नावावर अजून यायलाय त्यो.”

“मंग आपण दोघंच बसू गाडीत.”

“आमच्या घरची ऐकंना. नातीला नवा परकर शिवलाय. दोघी पुढच्याच डब्यात.”

“अक्काला न्हाई म्हणा की!”

“कारण काय सांगू? टँकरची पहिली घागर तिचीच असती.”

बस आली. “लातूर, लातूर! चला!”

“चढा, अप्पा. लेकराचा जीव हाय.”

“थांबा जरा. तुमच्या घरी पाणी किती हाय?”

“आजच्यापुरतं.”

“मंग पुढच्या बसनं जाऊ.”

“पुढची उद्या दुपारी,” कंडक्टर म्हणाला आणि त्यानं घंटी मारली.